माणूस वेगळा, अपराध वेगळा : ख्रिस्ती क्षमा प्रत्यक्षात कशी करायची

क्षमा करायला निघालेला माणूस बहुधा दोन ठिकाणी अडतो. एक तर तो अपराधच गिळून टाकतो: "जाऊ द्या, झालं गेलं." नाही तर समोरच्या माणसालाच अपराध करून टाकतो: "तो चोरच आहे, त्या घरचे सगळे तसेच." पहिल्या प्रकारात क्षमा होत नाही, कारण नेमकं काय माफ केलं हेच ठरलेलं नसतं. दुसऱ्या प्रकारात क्षमेला जागाच उरत नाही. चोरी माफ करता येते. पण ज्याला आपण आरपार चोर ठरवून बसलो, त्याच्यात माफ करण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही.

पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने एका पत्रात लिहिलं होतं की माणसांवर प्रेम ठेवावं आणि दोषांचा द्वेष करावा. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींनीही तिथे जाण्याआधीच हा विचार लिहून ठेवला होता, आणि त्याच्या जोडीला हेही नोंदवलं होतं की ही गोष्ट समजायला सोपी आहे, पण आचरणात क्वचितच दिसते. ती आचरणात का येत नाही, तर ती नुसती भावना म्हणून सांगितली जाते. काम म्हणून कोणी शिकवत नाही. खाली ती काम म्हणून मांडली आहे. तिचं मुख्य सूत्र एवढंच: अपराधाचं नाव जितकं नेमकं, तितकं माणसाला मोकळं करणं सोपं.

आधी धोका थांबवा

मारहाण चालू असेल, लेकराला कोणी त्रास देत असेल, कोणी जिवावर उठलं असेल, तर आज क्षमेचा विषय काढू नका. आधी त्या जागेवरून निघा. पोलिसांसाठी ११२, बाईमाणसासाठी १८१, लेकरांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. येशूने नासरेथमध्ये लोक कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तिथे उभं राहून प्रवचन दिलं नाही; तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४). सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर बाकीचं सगळं करता येतं.

कागदावर अपराध लिहा

एक साधा कागद घ्या. त्यावर समोरच्या माणसाचं वर्णन लिहायचं नाही, त्याने केलेली गोष्ट लिहायची. तपासायची रीत सोपी आहे: तिथे उभ्या असलेल्या तिऱ्हाइताला जे डोळ्यांनी दिसलं असतं किंवा कानांनी ऐकू आलं असतं, तेवढंच कागदावर येऊ द्या.

"भाऊसाहेब लबाड आहे, त्याला आमचं वावर गिळायचं आहे" हे वाक्य कामाचं नाही. "मृगाच्या आधी वखरताना त्याने धुरा (शेताचा बांध) दोन तास (वखराच्या दोन ओळी) आमच्याकडे सरकवला, धुऱ्यावरचा दगड उपटून टाकला, मी विचारलं तेव्हा चारचौघांत मला शिवी दिली" हे कामाचं आहे. इथे तीन वेगवेगळे अपराध आहेत. जमीन घेतली, खूण मिटवली, अपमान केला. तिन्हींची भरपाई वेगळी, तिन्हींची क्षमाही वेगळी करावी लागते. बरेच जण जमिनीसाठी भांडत राहतात आणि मनात सलत असते ती शिवी. मोजणी होऊन जमीन परत मिळाली तरी मन निवत नाही, आणि का निवत नाही हे त्यांना कळत नाही.

मग त्याच कागदावर रेघ मारून खाली लिहा: मला खात्रीने माहीत नसलेलं काय? "त्याने मुद्दाम केलं", "त्याच्या बायकोने शिकवलं", "आम्ही ख्रिस्ती म्हणून केलं" ही वाक्यं बहुतेक या रेघेखाली जातात. ती खोटी असतील असं नाही. पण ती विचारून खरी करायची असतात, धरून चालायची नसतात. जातीचा किंवा धर्माचा खरोखर अपमान झाला असेल तर तोंडातून निघालेले शब्द जसेच्या तसे रेघेच्या वर लिहा. सौम्य करू नका. पण एका माणसाच्या तोंडचे शब्द त्याच्या सगळ्या जातीच्या नावावर टाकू नका. खेड्यात माणूस आणि अपराध वेगळे करण्याचं काम पहिल्यांदा इथेच फसतं.

हा कागद कोणाला दाखवायचा नाही. विशेष म्हणजे प्रार्थना सभेत वाचायचा नाही. "भावासाठी प्रार्थना करा, त्याने असं असं केलं" या वाटेने जितकी चहाडी मंडळीत (चर्चच्या लोकांत) फिरते तितकी पानठेल्यावरही फिरत नाही. विनंती करायचीच असेल तर "एका वादात मला शहाणपण मिळावं" एवढंच म्हणा. व्हॉट्सअॅपच्या गटावर तर तेवढंही नको.

नुकसानीचे तीन ढीग

अपराध लिहून झाले की प्रत्येकासमोर त्यातून झालेलं नुकसान लिहा आणि ते तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग परत देता येण्याजोग्या गोष्टींचा: पैसे, जमीन, बैल, मोटारपंप, खोट्या गोष्टीची चारचौघांत कबुली. याला भरपाई मागायची. ही मागणी क्षमेच्या विरोधात नाही. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू गेला तेव्हा जक्कय स्वतःच उठून म्हणाला की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो (लूक १९). येशूने "राहू दे, तुला माफ केलं ना" असं म्हटलं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेली वस्तू परत करताना वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे (लेवीय ६). म्हणजे दहा हजार रुपये बुडवले तर बारा हजार. आज हा नियम कोणावर लादायचा नाही, पण भरपाई किती मागावी याचं माप म्हणून तो चांगला आहे. चार वर्षांपूर्वीचे दहा हजार आज दहा हजारच परत घेतले तर नुकसान तुमच्याकडेच राहतं.

दुसरा ढीग परत न येणाऱ्या गोष्टींचा: गेलेली वर्षं, मोडलेलं लग्न, मेलेलं माणूस, गावात गेलेली अब्रू. इथे कितीही दिलं तरी पुरत नाही. क्षमा खऱ्या अर्थाने लागते ती इथे.

तिसरा ढीग उद्याच्या धोक्याचा. तो पुन्हा करेल का? याला क्षमा नाही, बंदोबस्त लागतो. ज्याने पतसंस्थेचे पैसे खाल्ले त्याला क्षमा करा, पण पुन्हा खजिनदार करू नका. ज्याने उसने नेलेलं फवारणीचं यंत्र दोनदा मोडून आणलं त्याच्याशी बोलणं सुरू ठेवा. यंत्र मात्र देऊ नका. यात खोट नाही. विश्वास पुन्हा कमवावा लागतो आणि तो क्षमेबरोबर फुकट मिळत नाही.

हे तीन ढीग एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. भरपाई मिळेपर्यंत क्षमा अडवून धरणारा माणूस समोरच्याच्या हातात आपलं मन गहाण टाकतो. आणि क्षमा केली म्हणून भरपाई सोडून देणारा कधी कधी आपल्या लेकरांच्या वाट्याचं सोडतो, ज्याचा त्याला हक्क नसतो.

शंभर दिवसांची मजुरी

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दृष्टान्त मंडळीत नेहमी सांगितला जातो, पण त्यातला हिशेब सहसा कोणी करत नाही. राजाने ज्याला सोडलं त्याचं कर्ज दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, जी कोणालाच फेडता येणार नाही. त्या चाकराने ज्याची मानगूट धरली त्याचं देणं शंभर दिनार.

हे शंभर दिनार किरकोळ होते असं समजून उपदेश केला जातो. निंदणीला जाणाऱ्या बाईला विचारा, शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर घरात काय होतं. जून ते नोव्हेंबरचा सगळा हंगाम जातो. येशूने मुद्दाम असा आकडा घेतला आहे की जो खरोखर दुखतो. तेव्हा दुखावलेल्या माणसाला "एवढं काय त्यात" असं म्हणायचा अधिकार या दृष्टान्ताने कोणालाच दिलेला नाही. तुझं नुकसान खरं आहे, मोठं आहे, आणि तरीही तुला ज्यातून सोडवलं ते त्याच्याहून फार मोठं आहे, एवढंच तो सांगतो.

म्हणून आपला अपराधाचा कागद भरल्यावर दुसऱ्या कोऱ्या कागदावर स्वतःची ऋणं लिहा, देवाकडची आणि माणसांकडचीही. या वादात आपली बाजू काय होती तेही त्यातच: आपणही शिवी दिली का, आपणही त्याच्या पांदणीत काट्या टाकल्या का. मात्र जिला नवऱ्याने मारलं, ज्या लेकरावर हात टाकला गेला, त्यांना "तुझी चूक काय होती ते लिही" असं सांगू नये. तिथे ही पायरी गाळायची.

क्षमेचा निर्णय

मार्क ११:२५ मध्ये येशू म्हणतो की प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर त्याची क्षमा करा. तिथे समोरचा माणूस हजर नाही, त्याने पश्चात्ताप केला की नाही याचा उल्लेखही नाही. लूक १७:३ मध्ये मात्र भावाला दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असं आहे. या दोन वचनांत विरोध नाही. पहिलं मनातल्या सोडण्याबद्दल आहे, ते तुमच्या एकट्याच्या हातात असतं. दुसरं नातं पुन्हा जुळण्याबद्दल आहे, त्याला दोघं लागतात.

पहिलं काम असं करा. घरात माणसं नसतील अशी वेळ घ्या. पहिला कागद समोर ठेवा. एकेक ओळ आवाज काढून वाचा आणि प्रत्येकीनंतर देवाला सांगा: "अमुक माणसाने अमुक केलं. ते वाईट होतं. त्याचा सूड मी घेणार नाही. तो तुझ्याकडे देतो." "वाईट होतं" हे शब्द गाळू नका. ते गाळले की क्षमेऐवजी सबब तयार होते: "त्याचाही नाइलाज असेल." नाइलाज असेल तर तो अपराधच नाही, मग क्षमाही लागत नाही. जिथे दोष आहे तिथेच क्षमा असते.

एका बैठकीत सगळ्या ओळी होतीलच असं नाही. घसा दाटून येईल तिथे थांबा, ती ओळ पुढच्या वेळी. झालेल्या ओळीसमोर तारीख टाका. पुढे राग परत येईल तेव्हा ही तारीख उपयोगी पडते.

क्षमा केल्याची खूण मन हलकं वाटणं ही नाही. ते महिन्यांनी येतं, कधी येतही नाही. खूण वागण्यात पाहायची. त्याच्या घरी दुखणं आलं तर आपण वाईट चिंतत नाही, त्याच्याबद्दल लोक खोटं बोलले तर आपण ते खोडून काढतो, त्याच्या लेकरांना रस्त्यात पाहून तोंड फिरवत नाही. रोम १२:२० मध्ये वैरी भुकेला असेल तर त्याला खायला दे, असं आहे. तिथेही तो वैरीच आहे, त्याला मित्र म्हणायची घाई हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने केलेली नाही.

समोरासमोर बोलणं

मत्तय १८:१५ सांगतं की भावाचा अपराध त्याला एकांतात सांग. या वचनातला सगळ्यात जास्त मोडला जाणारा भाग म्हणजे एकांत. गावात बोलणं आधी सोयऱ्याला कळतं, मग सरपंचाला, आणि शेवटी ज्याने अपराध केला त्याला. तोवर त्याला गावासमोर आपली बाजू राखणं भाग पडलेलं असतं आणि कबूल करण्याची वाट आपणच बंद केलेली असते.

वेळ निवडताना शेतीचा हंगाम पाहा. पेरणीच्या आठवड्यात, फवारणीच्या दिवसांत, कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. उलंगवाडी झाल्यावर (कापसाचा हंगाम संपल्यावर), फेब्रुवारी ते एप्रिल, माणूस निवांत असतो, हातात थोडा पैसाही असतो, आणि रान मोकळं असल्याने मोजणीही त्याच दिवसांत नीट होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ नेमका याच महिन्यांत पडतो. विदर्भातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला जुने वाद हाती घ्यायला वर्षातला याहून चांगला काळ नाही. संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, समोरचा पिणारा असेल तर मुळीच नाही. लग्नाच्या मांडवात, मातीला किंवा बाजाराच्या दिवशी विषय काढू नका. त्याच्या घरच्या पडवीपेक्षा शेताकडची जागा बरी, कारण घरात त्याच्या बायकालेकरांसमोर त्याला माघार घेता येत नाही.

बोलणं लहान ठेवा. घडलेली गोष्ट, तिचा आपल्यावर झालेला परिणाम, आपली मागणी, आणि नात्याबद्दलचा इरादा. चार वाक्यं पुरतात. आपल्या बोलीत ती साधारण अशी होतील:

"दादा, तुमच्यासंगं एकट्यानं बोलाचं होतं मले. वखरताना धुरा दोन तास माह्याकडे आला, अन् दगडबी निघाला. मले त्याचा लय राग आला, अजूनबी हाये. दगड पयल्या जागी लावू, येवढंच मागतो. तुमचं-माह्यं बोलणं बंद नाई झालं पायजे."

"तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य तोंडात येईल, ते गिळा. 'नेहमी' म्हटलं की बोलणं अपराधावरून माणसावर घसरतं. तो पंधरा वर्षांपूर्वीची आपली एखादी गोष्ट उकरेल. तिच्यात तथ्य असेल तर तिथल्या तिथे कबूल करा, पण "त्याच्यावर वेगळं बसू" म्हणून आजच्या विषयावर परत या. "मी तुम्हाला माफ केलं" ही घोषणाही आधीच करू नका. ज्याला अजून अपराधच मान्य नाही त्याला ते वाक्य शिवीसारखं लागतं.

तो "चुकलं माझं" म्हणाला, तर त्याच वेळी सगळं वदवून घेऊ नका. आपल्याकडचा पुरुष माणूस पुष्कळदा शब्दांनी माफी मागत नाही. दुसऱ्या दिवशी दगड लावून मोकळा होतो, किंवा बंडीभर कुटार पाठवतो. ते घ्या. पण पैसे किंवा जमिनीचा प्रश्न असेल तर खुणेवर समाधान मानू नका, कागद करा: रक्कम, हप्ते, तारखा, दोन साक्षीदारांच्या सह्या. हप्त्याची तारीख कापूस किंवा सोयाबीन विकून पैसा हाती येण्याच्या सुमाराची ठेवा. ऑगस्टमधली तारीख ठेवली तर ती चुकणारच आणि नव्या अपराधाची पेरणी होईल.

दोघं-तिघं आणि मंडळी

एकट्याचं ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. हे आपल्या बाजूचे पैलवान नसावेत. चांगला साक्षीदार तो, ज्याच्याकडे समोरचाही अडचणीत सल्ला मागायला जाईल. एक वयस्क बाई असणं फार उपयोगी. तिच्यासमोर आवाज चढत नाहीत. साक्षीदारांनी निकाल द्यायचा नाही, दोघांचं बोलणं दोघांना ऐकू जाईल एवढं पाहायचं.

त्यानंतर मंडळी. अलायन्स, नाझरीन, फ्री मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अशा प्रत्येक मंडळीची पंच किंवा वडीलजनांच्या समितीची पद्धत थोडी वेगळी. कॅथॉलिक असाल तर फादरांकडे जाल. कबुलीच्या संस्काराबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. कॅथॉलिक शिकवणीप्रमाणे फादरने पापमुक्ती दिली तरी चोरलेलं परत करण्याची जबाबदारी संपत नाही.

मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा समज, असं येशू म्हणतो. याचा अर्थ बहिष्कार असा काढून मंडळ्यांनी घरंच्या घरं तोडली आहेत. ज्या मत्तयाने हे लिहिलं असं मानतात तो स्वतः जकातदार होता आणि येशू त्याच्या घरी जेवला होता. मंडळीतला हक्क, जबाबदारीचं पद, प्रभुभोजनातला वाटा थांबू शकतो. विहिरीवरचं पाणी, दवाखान्यात नेणं आणि मातीला जाणं थांबत नाही.

आपल्या बहुतेक गावांत ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. वाद शेजारच्याशी असतो आणि त्याला मंडळी लागू नाही. तिथे पोलीस पाटील किंवा २००७ पासून सुरू झालेल्या तंटामुक्त मोहिमेतली गावची समिती चालते. रोम १२:१८ इथे नीट बसतं: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. पौलाने त्यात दोन अटी घातल्या आहेत. समोरच्याच्या वाट्याची शांती आपल्या डोक्यावर घेऊ नका.

कायद्याचं घड्याळ वेगळं

क्षमा सावकाश होते, मुदती थांबत नाहीत. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. "प्रार्थना करू, पाहू" म्हणत सातवा महिना लागला तर हा सोपा मार्ग जातो. अर्ज द्या आणि क्षमेचं कामही चालू ठेवा. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करणं हे भांडण नव्हे. 'क' प्रतीचा नकाशा हाती आला की धुरा कोणाच्या तोंडावर राहत नाही आणि निम्मं वैर तिथेच मिटतं.

फौजदारी गुन्ह्यांत काही आपसात मिटवता येतात, काही येत नाहीत. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये त्यांची यादी आहे. लेकरांवरचा लैंगिक अत्याचार मिटवता येत नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा माहीत असणाऱ्या कोणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाच गुन्हा आहे. पाळक असो, पंच असो, संडे स्कूलचा शिक्षक असो, "मंडळीचं नाव जाईल, माफ करून टाका" म्हणणारा लेकरावर दुसरा अपराध करतो.

क्षमा आणि शिक्षा एकत्र राहू शकतात. ओडिशातल्या मनोहरपूरला २२ जानेवारी १९९९ च्या रात्री कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लेकरं, फिलिप आणि तिमथी, यांना गाडीत जाळून मारलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. खटला मात्र आपल्या वाटेने गेला: २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशी, २००५ मध्ये उच्च न्यायालयात जन्मठेप, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. मध्य प्रदेशात १९९५ मध्ये सिस्टर राणी मारिया यांचा खून झाला. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ मध्ये तुरुंगात भेटायला गेली आणि खून करणाऱ्याला तिने राखी बांधली. तो तेव्हा शिक्षा भोगत होता. सुटला २००६ मध्ये. राखीने शिक्षा रद्द केली नाही, आणि शिक्षेने राखी अडली नाही.

दारू, मार आणि "तो मनाचा चांगला आहे"

"दारूनं केलं, तो नाही" हे अपराध वेगळा करणं नव्हे. अपराध माणसापासून वेगळा करायचा म्हणजे माणसाची किंमत त्याच्या कृत्यावर ठरवायची नाही. जबाबदारी मात्र त्याचीच राहते. बाटली माफी मागू शकत नाही, त्यालाच मागावी लागते.

दर शनिवारी मारणारा आणि दर रविवारी मंडळीत रडणारा नवरा असेल, तर साताच्या सत्तर वेळा क्षमा कर हे येशूचं वचन (मत्तय १८:२२) त्या बाईवर फेकू नका. त्या वचनाने तिला मार खायला परत पाठवलेलं नाही. ती मनातून क्षमा करू शकते आणि माहेरी राहू शकते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते. परत जायचं तर अश्रूंवर नव्हे, वागण्यावर: दारू सोडण्याचे उपचार सुरू आहेत का, मजुरीचा पैसा तिच्या हातात येतो का, तिच्या भावाला किंवा पाळकाला कधीही येऊन विचारायची मुभा आहे का. काही महिने हे टिकलं तर पुढचं बोलावं. योसेफाने भावांना पाहताच ओळख दिली नाही. धान्य देऊन त्यांना उपाशी मरू दिलं नाही, पण बदलले आहेत का हे आधी पारखलं (उत्पत्ती ४२–४४), मग गळ्यात पडला.

राग परत येतो तेव्हा

तो येणारच, आणि ठरलेल्या वेळी येतो: पहिल्या पावसात त्याच धुऱ्यावर उभं राहिल्यावर, कोणाच्या लग्नात समोरासमोर पंगतीला बसल्यावर, पैशाची चणचण असताना. याचा अर्थ क्षमा खोटी होती असा नाही. कागदावरची तारीख आठवा आणि त्या एकाच ओळीपुरतं पुन्हा म्हणा: हे मी सोडलं आहे. सगळी यादी उजळू नका. एकाच अपराधाची आठवण किती वेळा सोडावी लागते हे पाहिलं की साताच्या सत्तर वेळा हा आकडा मोठा वाटत नाही.

मात्र रागाचं कारण नवं असेल, म्हणजे त्याने दगड पुन्हा हलवला असेल, तर तो नवा अपराध. नवा कागद, तीच रीत, आणि या वेळी तिसऱ्या ढिगातला बंदोबस्त अधिक पक्का.

गेलेल्या माणसावरचा राग

आपल्या जिल्ह्यांत हे दुखणं पुष्कळ घरांत आहे. कर्जापायी माणूस गेला आणि मागे राहिलेल्यांना त्याचा राग येतो. तो राग बोलता येत नाही, कारण मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. बोला. त्यालाही तोच कागद: "तुम्ही कर्जाचं मला सांगितलं नाही. तुम्ही मला एकटं टाकलं." त्याच्या मनावर काय ओझं होतं ते वेगळं लिहा. आजारात किंवा हतबलतेत घडलं तेवढं अपराधातून काढा, उरेल तेवढ्याचीच क्षमा लागते. हे एकट्याने करू नका, एक विश्वासू माणूस जवळ हवा. असे विचार घरात आणखी कोणाच्या मनात येत असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

सावकाराचा हिशेब त्यात मिसळू नका. बिनपरवाना सावकारी असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते; घेतलेल्या कोऱ्या सह्या, चिठ्ठ्या, जमिनीचं खरेदीखत, जे असेल ते जपून ठेवा. त्या सावकाराच्या पोराला मात्र शाळेत कोणी "तुह्या बापानं खाल्लं" असं म्हणू नये, हे आपल्या लेकरांना आपणच सांगायचं. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात लिहिलं आहे की बापाच्या दोषाचा भार मुलावर नाही. हा नियम दोन्ही बाजूंच्या मुलांना लागू आहे. मेलेल्याच्या मुलानेही तो राग पुढे चालवण्याचं कर्तव्य अंगावर घेऊ नये. त्याला कर्जाचे कागद दाखवा, पण वैराची यादी हाती देऊ नका.